फाइलीतले पुस्तक कानापर्यंत

अंध वाचकासाठी बोलके पुस्तक दोन रीतींनी तयार होते. जुनी रीत अशी की कोणीतरी पुस्तक समोर घेऊन मोठ्याने वाचतो आणि ते ध्वनिमुद्रित केले जाते. दुसरी रीत गेल्या दोन दशकांत सर्वांच्या आवाक्यात आली. तिच्यात पुस्तकाचा मजकूर संगणकात फाइल म्हणून असतो, बोलणारी प्रणाली तो वाचते आणि वाचलेले एमपी३सारख्या ध्वनिफाइलींत साठवले जाते. माणसाच्या वाचनातून आठ तासांचे पुस्तक उभे राहायला आठवडे जातात, तर यंत्र तेच काम फार थोड्या वेळात उरकते. मराठीच्या बाबतीत मात्र खरे कष्ट यंत्राने तोंड उघडण्याआधीचे आहेत. हातात असलेला मजकूर यंत्राला वाचता येईल असा करणे हे ते काम. मराठी बोलणारे बरे आवाज आज फुकट मिळतात, पण ते आवाज ज्यावर चालवायचे ते स्वच्छ मजकूर दुर्मीळ आहेत. मराठवाड्यातल्या नांदेड-लातूरकडच्या अंध विद्यार्थ्याची अडचण मुख्यतः इथेच आहे.

२०११च्या जनगणनेत दृष्टीच्या अपंगत्वाची नोंद झालेले लोक देशात सुमारे ५०.३ लाख होते; त्यांतले पावणेसहा लाखांच्या आसपास महाराष्ट्रातले. त्या वेळी नांदेड जिल्ह्याची लोकसंख्या ३३.६ लाख आणि लातूरची २४.५ लाख होती. दृष्टी नसलेल्यांमध्ये शाळा-कॉलेजातली मुले असतात, तशीच काचबिंदूने, मधुमेहाने किंवा अपघाताने मोठेपणी दृष्टी गेलेली माणसेही असतात. त्यांना वाचनाची सवय असते, पण बोटांनी ब्रेल वाचायला नव्याने शिकणे या वयात जड जाते. अशांना पुस्तकाकडे परत नेणारा सर्वांत जवळचा मार्ग कानाचा आहे.

मोबाइलवर टॉकबॅक किंवा संगणकावर एनव्हीडीएसारखा स्क्रीन रीडर असला की पडद्यावरचा मराठी मजकूर थेट ऐकता येतो. मग वेगळी ध्वनिफाइल करायचीच कशाला, हा प्रश्न रास्त आहे. ज्याला टचस्क्रीनचा मोबाइल सहज हाताळता येतो त्याला पुष्कळदा ती लागतही नाही. पण घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या हातात बटणांचा साधा मोबाइल असतो. त्यात मेमरी कार्ड घालून गाणी वाजतात, स्क्रीन रीडर चालत नाही. इंटरनेट सगळीकडे सारखे मिळत नाही. शिवाय परीक्षेच्या अभ्यासात तेच प्रकरण पुन्हापुन्हा ऐकायचे असते. अशा वेळी एकदाच नीट तयार करून ठेवलेली ध्वनिफाइल उपयोगी पडते, आणि एकाने केलेली फाइल शंभरांना देता येते.

कानाने वाचण्याची सोय यंत्रांच्या बरीच आधीची आहे. अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये १९३४-३५च्या सुमारास ग्रामोफोनच्या तबकड्यांवर अंधांसाठी पुस्तके निघू लागली. भारतात मुंबईला १९५२ साली नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड ही संस्था स्थापन झाली आणि पुढे तिने बोलक्या पुस्तकांचे कामही हाती घेतले. कॅसेटच्या काळात आठ तासांच्या एका कादंबरीला नव्वद मिनिटांच्या सहा कॅसेटी लागत. ब्रेलच्या अडचणी निराळ्या होत्या. भारतीय भाषांसाठी भारती ब्रेल ही एक लिपी १९५१ साली ठरली आणि मराठीला तिचा लाभ झाला. पण एका छापील पुस्तकाचे ब्रेलमध्ये अनेक जाड खंड होतात, ते छापणे खर्चाचे आणि ठेवायला जागा फार लागते. मराठीत ब्रेल लिपीतले ‘स्पर्शज्ञान’ हे पाक्षिक १५ फेब्रुवारी २००८ रोजी सुरू झाले, यावरून या मार्गाने नियमित वाचनसामग्री मिळायला किती उशीर लागला हे दिसते.

मराठवाड्याला तर सार्वजनिक शिक्षणच उशिरा मिळाले. मुंबईत १९०२ साली व्हिक्टोरिया मेमोरियल ही अंधांची शाळा निघाली, तेव्हा हा प्रदेश निजामाच्या राज्यात होता आणि १७ सप्टेंबर १९४८पर्यंत तिथेच राहिला. नांदेडचे पीपल्स कॉलेज १९५० सालचे. नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली या चार जिल्ह्यांसाठीचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १७ सप्टेंबर १९९४ रोजी स्थापन झाले. ध्वनिमुद्रणाचे स्टुडिओ, ब्रेलचे छापखाने, मदतनीसांचे गट हे सारे मुंबई-पुण्याकडे वाढले. त्यामुळे स्टुडिओची गरज नसलेली, साध्या संगणकावर होणारी दुसरी रीत या भागाला अधिक मोलाची आहे.

छापलेले वाचून दाखवणारे पहिले प्रसिद्ध यंत्र रे कर्झवाइल यांनी १९७६ साली अमेरिकेत लोकांपुढे ठेवले. पान काचेवर ठेवायचे, यंत्र अक्षरे ओळखून बोलत असे. ते अवजड होते आणि फार महाग होते. पुढे संगणक घरोघर आले, तरी चांगला स्क्रीन रीडर विकत घेणे सामान्य माणसाला परवडत नव्हते. २००६ साली ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन आणि जेम्स टेह या दोन अंध तरुणांनी एनव्हीडीए हा विनामूल्य स्क्रीन रीडर सुरू केला. त्याच्यासोबत ईस्पीक हा जोनाथन डडिंग्टन यांचा मुक्त आवाज येतो आणि त्यात मराठीही आहे. मराठी मजकूर फुकटात बोलू लागला, तो मुख्यतः या जोडीमुळे.

आता मजकुराकडे. एखाद्या प्राध्यापकाने किंवा प्रकाशकाने मोठ्या मनाने पुस्तकाची फाइल दिली, ती बोलणाऱ्या प्रणालीत घातली आणि आवाज आला तो रोमन अक्षरांचा, कंसांचा आणि चिन्हांचा, असा अनुभव मराठीत सर्रास येतो. याचे कारण जुन्या फॉन्टांत आहे. विंडोज २०००च्या आधी विंडोजमध्ये देवनागरीची अंगभूत सोय नव्हती. म्हणून श्री-लिपी, आयएसएम, आकृती यांसारख्या प्रणालींनी रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरी अक्षरांचे तुकडे बसवले. पडद्यावर आणि कागदावर मराठी दिसे, पण संगणकाच्या लेखी तो रोमन अक्षरांचाच गोंधळ होता. डोळस माणसाला हा फरक कधी जाणवलाच नाही, कारण त्याला फक्त आकार हवा होता.

युनिकोडने हा प्रश्न मुळातून सोडवला. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रमाणात प्रत्येक लिपीच्या प्रत्येक चिन्हाला स्वतःचा क्रमांक आहे आणि देवनागरीसाठी १२८ जागांचा स्वतंत्र गट आहे. युनिकोडातला ‘क’ कुठल्याही फॉन्टमध्ये ‘क’च राहतो, म्हणून यंत्र तो वाचू शकते. पण छपाईच्या व्यवसायात जुने फॉन्ट बरीच वर्षे टिकून राहिले. डीटीपीच्या दुकानांत चालणाऱ्या पेजमेकर या पानजुळणीच्या प्रणालीला युनिकोड कळत नव्हते आणि हाताला जुन्या कळफलकाची सवय होती. परिणामी त्या काळात टंकलेली क्रमिक पुस्तके, स्मरणिका, शोधनिबंध आणि कथासंग्रह फाइल म्हणून हाती असूनही मुके आहेत.

त्यांना बोलते करण्यासाठी फॉन्ट-परिवर्तक वापरतात. प्रत्येक जुन्या फॉन्टचा नकाशा निराळा असल्याने आधी फॉन्टचे नेमके नाव कळावे लागते. शिवाय नुसते चिन्हामागे चिन्ह बदलून भागत नाही. जुन्या फॉन्टांत अक्षरे दिसतात त्या क्रमाने टंकली जात: ‘किल्लारी’ लिहिताना ऱ्हस्व वेलांटी आधी आणि ‘क’ नंतर. युनिकोडात उच्चाराचा क्रम पाळतात, म्हणजे ‘क’ आधी आणि वेलांटी नंतर. रफाराचे याच्या उलट आहे. ‘वर्ग’ या शब्दात तो दिसतो ‘ग’च्या डोक्यावर, पण उच्चारला जातो ‘ग’च्या आधी. चांगला परिवर्तक ही अदलाबदल करतो. साधा परिवर्तक चुकतो, आणि प्रत्येक पानावर वेलांट्या भलत्याच अक्षरांना चिकटतात.

पीडीएफची गोष्ट याहून अवघड. ही फाइल पान जसेच्या तसे दिसावे म्हणून असते, वाचता यावे म्हणून नव्हे. काही पीडीएफ म्हणजे पानांचे निव्वळ फोटो असतात. काहींत मजकूर असतो, पण जुन्या फॉन्टातला. काहींत युनिकोड असूनही तो बाहेर काढताना जोडाक्षरे आणि वेलांट्या विस्कटतात. यांतल्या फोटोंसाठी, आणि अनेकदा बाकीच्यांसाठीही, अक्षरओळख, म्हणजे चित्रातली अक्षरे ओळखून त्यांचा मजकूर करणे, हाच उपाय उरतो. टेसरॅक्ट ही मुक्त प्रणाली मराठी ओळखते. गुगल ड्राइव्हमधली सोयही स्वच्छ छपाईवर चांगले काम करते. जुन्या शिळा किंवा खिळा छपाईवर, पिवळ्या पडलेल्या कागदावर चुका वाढतात. ‘घ’चा ‘ध’, ‘भ’चा ‘म’, ‘थ’चा ‘य’, ‘ष’चा ‘प’ होतो, ‘ख’चे ‘रव’ असे दोन तुकडे पडतात आणि पुसट अनुस्वार नाहीसे होतात.

लातूर आणि नांदेड ही मराठवाड्यातली शिकवण्यांची मोठी केंद्रे. ‘लातूर पॅटर्न’ हे नाव राज्यभर माहीत आहे. या अभ्यासाची मुख्य सामग्री म्हणजे क्लासच्या नोट्स, त्यांच्या झेरॉक्स आणि झेरॉक्सच्या झेरॉक्स. हाताने लिहिलेल्या मराठीची अक्षरओळख अजून भरवशाची नाही. तिथे कोणीतरी बसून टंकणे, किंवा मोबाइलला बोलून मजकूर लिहून घेणे आणि मग तो तपासणे, हाच सरळ मार्ग आहे. क्लासने नोट्सची मूळ युनिकोड फाइल दिली तर हे सगळे श्रम वाचतात. अंध विद्यार्थ्याला मदत करू इच्छिणाऱ्या शिक्षकाने करण्यासारखी ही सर्वांत सोपी आणि सर्वांत परिणामकारक गोष्ट आहे.

अक्षरे बरोबर आली तरी मजकूर वाचण्याजोगा झाला असे नाही. प्रत्येक पानाच्या डोक्यावर छापलेले पुस्तकाचे नाव आणि पानाचा आकडा काढून टाकावा लागतो, नाहीतर दर दोन मिनिटांनी वाक्याच्या मध्येच तो ऐकू येतो. ओळीच्या शेवटी तोडलेले शब्द जोडावे लागतात. तळटीप मूळ परिच्छेदाच्या शेवटी आणावी लागते आणि ‘टीप’ असा शब्द घालून तिची सीमा दाखवावी लागते. मराठीतली संक्षिप्त रूपे हा तर मोठाच भाग आहे. ‘मु. पो.’, ‘ता. उदगीर’, ‘जि. लातूर’, ‘इ. स.’, ‘डॉ.’ या प्रत्येक टिंबावर यंत्राला वाक्य संपल्यासारखे वाटते आणि ते थांबते. ‘रा. रं. बोराडे’ हे नाव तीन तुकड्यांत पडते. संक्षेप सगळीकडे पूर्ण शब्दांत उलगडणे, किंवा निदान टिंबे काढणे, हा यावर सोपा उपाय आहे. शोधा-आणि-बदला या सोयीने तो पुस्तकभर एकदम करता येतो.

आकड्यांनाही असेच सांभाळावे लागते. ‘३० सप्टेंबर १९९३’ या किल्लारी भूकंपाच्या तारखेतले साल यंत्र ‘एक हजार नऊशे त्र्याण्णव’ असे वाचण्याची शक्यता असते. इतिहासाच्या पुस्तकात साल ‘एकोणीसशे त्र्याण्णव’ असेच ऐकू यायला हवे. दूरध्वनी क्रमांक सुटे आकडे म्हणून वाचले जावेत, रक्कम मात्र लाख-कोटींत. तक्ता ओळीने वाचला तर कोणता आकडा कशाचा हे कळत नाही, म्हणून त्याची वाक्ये करावी लागतात: ‘नांदेड जिल्हा, लोकसंख्या इतकी, लातूर जिल्हा, लोकसंख्या इतकी’. आकृती आणि नकाशे यांचे शब्दांत वर्णन लिहावे लागते, आणि ते विषय जाणणाऱ्यानेच लिहावे. गोदावरीच्या खोऱ्याचा नकाशा असेल तर ‘नकाशा दिला आहे’ असे म्हणून काही साधत नाही. नदी कोणत्या दिशेने येते, मांजरा तिला कुठे मिळते, नांदेड शहर कोणत्या काठावर आहे, हे सांगितले तरच विद्यार्थ्याच्या हाती काही लागते.

मजकूर सिद्ध झाला की आवाज. बोलणाऱ्या प्रणालींचे ढोबळमानाने दोन प्रकार वापरात आहेत. ईस्पीक गणिताने ध्वनी घडवतो. घशा-तोंडातल्या स्वरांच्या कंपनांची नक्कल सूत्रांनी केलेली असते. त्याचा आवाज लोखंडी वाटतो. पण तो आकाराने अगदी लहान आहे, जुन्या संगणकावर इंटरनेटशिवाय चालतो आणि वेग दुप्पट-तिप्पट केला तरी शब्द स्पष्ट राहतात. सरावलेले अंध वाचक याच कारणाने तो पसंत करतात. त्यांना भराभर वाचायचे असते. दुसऱ्या प्रकारात माणसाच्या तासन्‌तास केलेल्या ध्वनिमुद्रणावरून संगणकाला बोलणे शिकवलेले असते. मायक्रोसॉफ्टचे ‘आरोही’ आणि ‘मनोहर’, तसेच गुगलचे मराठी आवाज या प्रकारचे. ते कानाला गोड आणि माणसासारखे आहेत, आणि लांब पुस्तक निवांत ऐकायला बरे. मायक्रोसॉफ्टच्या या आवाजांना इंटरनेट लागते. गुगलचा आवाज मोबाइलवर उतरवून ठेवता येतो.

मराठीची लिपी उच्चारानुसारी आहे असे आपण शाळेत शिकतो, पण यंत्राला मराठी शिकवताना किती गोष्टी लिपीत लिहिलेल्याच नाहीत हे कळते. ‘जग’ म्हणजे विश्व आणि ‘जग’ म्हणजे पाण्याचे भांडे यांतला ‘ज’ वेगळा. ‘जरा थांब’ मधली ‘जरा’ आणि म्हातारपण या अर्थाची ‘जरा’ लिहिण्यात एकच, बोलण्यात दोन. च, ज, झ यांचे दंततालव्य उच्चार लिहिण्यासाठी वेगळे चिन्हच नाही. ‘संत’ मध्ये अनुस्वाराचा न् होतो, ‘संप’ मध्ये म्, आणि ‘संसार’ मध्ये तो व्-सारखा अनुनासिक ऐकू येतो. ‘केलं’, ‘असं’, ‘घरं’ यांच्या शेवटचा अनुस्वार तर नाकात उच्चारायचाच नसतो. तो फक्त अ लांबवतो. हा नियम न शिकवलेले यंत्र ‘केलम्’ असे काहीतरी बोलते, आणि संवादांनी भरलेली आख्खी कथा त्यामुळे ऐकवत नाही.

लेखनातल्या तांत्रिक त्रुटीही उच्चार बिघडवतात. ‘दुसऱ्या’ मधला अर्धा र युनिकोडात दोन निरनिराळ्या पद्धतींनी टंकलेला आढळतो, आणि दोन्ही सारख्याच दिसतात. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडात २००८ साली आले, त्याआधीच्या फाइलींत ते अ आणि चंद्र असे जोडून लिहिलेले असते. काही आवाज यांतला एकच प्रकार ओळखतात आणि दुसऱ्यावर अडखळतात. अशा शब्दांची यादी करून संपूर्ण मजकुरात एकच पद्धत आणणे हिताचे. बालाबोल्कासारख्या विनामूल्य प्रणालींत उच्चारांचा शब्दकोश ठेवता येतो: मूळ लेखन तसेच राहते, बोलताना मात्र आपण दिलेले रूप वापरले जाते. गावांची आणि माणसांची नावे त्यात घालावी. देगलूर, बिलोली, धर्माबाद, किनवट ही तेलंगणाला लागून. उदगीर, देवणी, निलंगा ही बिदरकडची. या पट्ट्यातल्या मजकुरात तेलुगू, कानडी, उर्दू शब्द आणि आडनावे सहज येतात, नांदेडच्या गुरुद्वाराविषयीच्या लेखनात पंजाबीही. पुण्या-मुंबईच्या बोलण्यावर शिकलेला आवाज तिथे हमखास चुकतो.

यंत्राचा आवाज कुठे पुरतो आणि कुठे नाही, याचे उत्तर याच दोन जिल्ह्यांच्या साहित्यात सापडते. नांदेडच्या पीपल्स कॉलेजात शिकवणाऱ्या नरहर कुरुंदकरांचे (१९३२-१९८२) वैचारिक लेखन एकेक मुद्दा मांडत पुढे जाते. ऐकणाऱ्याला युक्तिवाद हवा असतो आणि तो यंत्राच्या सरळ वाचनातून नीट पोचतो. लातूर जिल्ह्यातल्या काटगावचे रा. रं. बोराडे यांची ‘पाचोळा’ ही कादंबरी याच्या दुसऱ्या टोकाला आहे. ती एका शिंप्याच्या बायकोच्या तोंडून मराठवाडी बोलीत सांगितलेली आहे, आणि त्या बोलीचा हेल हाच तिच्या दुःखाचा निम्मा भाग आहे. इथे यंत्र फक्त शब्द पोचवील. अशी पुस्तके त्या बोलीत वाढलेल्या माणसानेच वाचावीत. क्रमिक पुस्तके, संदर्भग्रंथ, कायदे, वर्तमानपत्रे यंत्राकडे सोपवावीत आणि माणसांचा वेळ कथा, कविता, नाटक यांसाठी राखावा, अशी वाटणी व्यवहारात सर्वांत शहाणपणाची ठरते.

ध्वनिफाइल करताना पुस्तक प्रकरणवार तोडतात. साठ हजार शब्दांचे पुस्तक मिनिटाला १२० शब्दांच्या गतीने सुमारे आठ तास वीस मिनिटांचे होते. त्याचा युनिकोड मजकूर जेमतेम एक-सव्वा एमबी भरतो. तोच आवाज ६४ केबीपीएसच्या एमपी३मध्ये साधारण २४० एमबी होतो आणि ३२ केबीपीएसमध्ये १२०. निव्वळ बोलण्यासाठी हा लहान आकारही चालतो. सगळे पुस्तक एकाच फाइलीत ठेवले तर थांबलेली जागा पुन्हा सापडत नाही, म्हणून पंधरा-वीस मिनिटांचे तुकडे बरे. फाइलींना क्रमांक देताना ०१, ०२ असे द्यावेत. नुसते १, २ दिले तर साधा मोबाइल १ नंतर १० वाजवतो आणि गोष्टीचा क्रम बिघडतो. प्रत्येक फाइलीच्या आरंभी पुस्तकाचे नाव, लेखक आणि प्रकरण सांगणारे वाक्य घालावे, कारण ऐकणाऱ्याला मुखपृष्ठ दिसत नाही. सर्व झाल्यावर एकदा पूर्ण ऐकून तपासावे. हे काम अंध वाचकच उत्तम करतात. चढ्या वेगानेही चुकलेला शब्द त्यांच्या कानाला लगेच खटकतो, आणि या कामाचा मोबदला त्यांना मिळाला पाहिजे.

एमपी३ची मर्यादा अशी की त्यात पुढे-मागे जाता येते, पण ‘तिसऱ्या प्रकरणातला दुसरा उपविभाग’ किंवा ‘पान ८४’ येथे थेट जाता येत नाही. अभ्यासाच्या पुस्तकात हीच सोय लागते. त्यासाठी डेझी हे प्रमाण आहे. १९९६ साली स्थापन झालेल्या डेझी कन्सॉर्टियमने ते घडवले. त्यात शीर्षकांचे सहा स्तर, पानांचे क्रमांक आणि मजकुराशी वाक्यागणिक जोडलेला आवाज असतो. अंधुक दिसणाऱ्या वाचकाला बोलले जाणारे वाक्य पडद्यावर ठळक झालेले दिसते. हे सगळे आपोआप होण्यासाठी मूळ वर्ड फाइलीत शीर्षकांना ‘हेडिंग’ शैली दिलेली असली पाहिजे. अक्षर मोठे आणि जाड करून यंत्राला ते शीर्षक असल्याचे कळत नाही.

परवानगीचा प्रश्न अनेक शिक्षकांना आणि ग्रंथपालांना अडवतो. २०१२ साली प्रताधिकार कायद्यात झालेल्या दुरुस्तीने तो बऱ्याच अंशी मिटवला आहे. कलम ५२ (१) (झेडबी) नुसार अपंग व्यक्तीच्या खासगी उपयोगासाठी, शिक्षणासाठी किंवा संशोधनासाठी पुस्तक वाचता येण्याजोग्या स्वरूपात करणे हा प्रताधिकाराचा भंग होत नाही. अपंगांसाठी काम करणाऱ्या संस्थांनाही नफा न घेता, फक्त खर्च भरून घेऊन, हे करता येते. अशी प्रत सर्वसाधारण बाजारात जाऊ नये याची काळजी संस्थेने घ्यायची असते. अशीच मुभा जगभर देणारा मराकेश करार २७ जून २०१३ रोजी झाला, त्याला मान्यता देणारा पहिला देश भारत होता आणि तो ३० सप्टेंबर २०१६पासून अमलात आला. म्हणजे कुरुंदकरांच्या पुस्तकांवर २०४२ अखेरपर्यंत प्रताधिकार असला तरी नांदेडच्या अंध विद्यार्थ्यासाठी ती बोलकी करायला तोवर थांबावे लागत नाही. साने गुरुजींसारख्या १९५० साली गेलेल्या लेखकाचे साहित्य तर सर्वांसाठीच खुले झाले आहे.

तयार पुस्तके ठेवण्यासाठी २४ ऑगस्ट २०१६ रोजी सुरू झालेले ‘सुगम्य पुस्तकालय’ हे देशपातळीवरचे ऑनलाइन ग्रंथालय आहे. छापील वाचता न येणाऱ्याने तेथे नोंदणी केली की पुस्तके उतरवून घेता येतात. एखाद्या महाविद्यालयाने केलेले पुस्तक एखाद्या सदस्य संस्थेमार्फत तेथे पोचले तर दुसऱ्या जिल्ह्यात तेच काम पुन्हा करावे लागत नाही. आज अशी बरीच मेहनत व्हॉट्सॲपवर फिरून हरवते. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने अठरा वर्षांपर्यंतच्या दिव्यांग विद्यार्थ्यांना पुस्तके आणि साधने मोफत देण्याची जबाबदारी शासनावर आणि स्थानिक प्राधिकरणांवर टाकलेली आहे. अठरानंतरचा विद्यार्थी, म्हणजे विद्यापीठात आणि स्पर्धापरीक्षांच्या तयारीत असलेला, मात्र त्या तरतुदीबाहेर राहतो. परीक्षेत त्याला लेखनिक आणि तासाला किमान वीस मिनिटे जादा वेळ मिळतो. त्या परीक्षेसाठी वाचायची पुस्तके त्याची त्यालाच मिळवावी लागतात. महाविद्यालयाच्या ग्रंथालयातला एक स्कॅनर, एक संगणक आणि हे काम जाणणारा एक कर्मचारी एवढ्यावर ही उणीव बरीच भरून निघू शकते.

कानाने वाचण्यालाही मर्यादा आहे. जन्मापासून अंध असलेले मूल फक्त ऐकतच शिकले तर ‘दिन’ आणि ‘दीन’ यांतला फरक त्याला लेखनात कळत नाही, विरामचिन्हे कळत नाहीत, आणि गणिताची मांडणी तर ऐकून जमतच नाही. त्यासाठी ब्रेल हवेच. पण त्याला वेगळ्या टंकलेखनाची गरज नाही. बोलक्या पुस्तकासाठी शुद्ध केलेली तीच युनिकोड फाइल लिबलुईसारख्या मुक्त प्रणालीतून भारती ब्रेलमध्ये जाते, तिथून ब्रेलच्या छापयंत्रावर किंवा टाचण्या वर-खाली होणाऱ्या ब्रेल पट्टीवर वाचता येते. अंधुक दिसणाऱ्यांसाठी तीच फाइल मोठ्या टाइपात छापता येते. म्हणून ध्वनिफाइली वाटून झाल्यावर मूळ मजकूर पुसून टाकू नये. आवाज दर काही वर्षांनी सुधारतात, आणि जपून ठेवलेल्या मजकुरावरून नव्या आवाजातले पुस्तक पुन्हा करून घेता येते.